डासासकट ९४.४० टक्के

माझ्या मुलीची दहावीची मूळ गुणपत्रिका लॅमिनेट झालेली आहे. मी केलेली नाही, तिने केलेली नाही. एका अनोळखी गृहस्थांनी स्वतःच्या खिशातले पैसे घालून ती करवून घेतली, आणि वर "असू द्या हो, एवढी देशसेवा आमच्याकडून" असं म्हणत छत्री उघडून निघून गेले. त्या प्लॅस्टिकमध्ये गुणपत्रिकेबरोबर एक डासही कायमचा बंद झालाय. डासाचं नंतर बघू. आधी मला माझा राग काढू दे.

अकरावीच्या ऑनलाइन अर्जाचा दुसरा भाग भरायचा होता. शाखा निवडायची, कॉलेजांच्या पसंत्या द्यायच्या, कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १०. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाद. त्यामुळे हा अर्ज भरताना घरातली चार माणसं असा श्वास रोखून बसतात की जणू बॉम्ब निकामी करतायत. मुंबईत हा प्रकार २००९ पासून आहे. २०२५ पासून तो अख्ख्या महाराष्ट्राला लागू झाला, म्हणजे आता आमचं दुःख गडचिरोलीपर्यंत पोचलंय. आमच्या घरचा प्रिंटर-स्कॅनर लॉकडाउनपासून शोभेला आहे, त्यावर मनीप्लांट ठेवलाय. नवऱ्याने "तुम्ही दोघी ठरवाल ते मला मान्य आहे" असं उदार मनाने जाहीर करून ऑफिस गाठलं. म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून लेकीला घेऊन मुलुंड पूर्वेच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.'

दुकानातल्या पोराने गुणपत्रिका बघितली, कीबोर्डवर टकटक केलं आणि म्हणाला, "सायन्स टाकलंय."

"सायन्स नाही, आर्ट्स."

"मॅडम, चौऱ्याण्णव आहेत ना?"

"आहेत."

"मग आर्ट्स कसं बसेल?"

चपलेच्या दुकानात 'आठ नंबरच्या पायाला सहा कशी बसेल' म्हणतात, अगदी त्या सुरात. मी पुन्हा, जरा आवाज चढवून, "आर्ट्स" म्हणाले. तिथेच चुकलं. कारण मागून आवाज आला, "काय झालं?"

'काय झालं' हे दोन शब्द मराठीत पन्नास तऱ्हांनी म्हणता येतात. ही तऱ्हा मयताच्या घरी चपला काढता काढता म्हणायची होती.

मागे सत्तरीच्या आतबाहेरचे एक काका उभे होते. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, काखेत छत्री, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळलेली अशी एक वस्तू. ती वस्तू म्हणजे त्यांचं स्वतःचं जुन्या अकरावीचं प्रमाणपत्र, १९७४ सालचं. ते लॅमिनेट करायला आले होते. "पुढच्याच वर्षी दहावीवाली मॅट्रिक आली," ते म्हणाले. "आमची खरी. अकरा वर्षांची." हा माणूस पन्नास वर्षं ते प्रमाणपत्र उघडं ठेवून जगला आणि नेमका त्याच दिवशी, त्याच वेळी त्याला ते सुरक्षित करावंसं वाटलं, याला माझी पत्रिका सोडून दुसरं कारण नाही.

"मुलगी आजारी होती का?" काकांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही. चौऱ्याण्णव टक्के आहेत."

"बघू."

आणि त्यांनी गुणपत्रिका माझ्या हातातून घेतली. हिसकावली म्हणता येणार नाही. पण सासरची मोठी माणसं ताटातली पुरणपोळी जशी 'तुला जास्त होईल' म्हणून उचलतात ना, तशी घेतली. मग चष्मा कपाळावरून नाकावर आणून, किराण्याची यादी तपासावी तसं बोट फिरवत ते मोठ्याने वाचू लागले. "मराठी ९१. हिंदी ८८. इंग्रजी ९०. गणित ९५!" इथे थांबून सगळ्या दुकानाकडे एक नजर. "विज्ञान ९४. सामाजिक शास्त्रे ९७. एकूण... ५५५. सहाशेपैकी." पेन निघालं, तळहातावर भागाकार झाला. "साडेब्याण्णव होतात. चौऱ्याण्णव कुठून आणले?"

मी त्यांना सांगितलं की सर्वोत्तम पाच विषय धरतात, म्हणून हिंदी गळलं, आणि चित्रकलेच्या परीक्षेचे पाच गुण वाढीव मिळाले. काकांचा चेहरा भेसळीचं दूध हाती लागल्यासारखा झाला. "म्हणजे एक विषय सोडायचा आणि चित्र काढून भरून काढायचं." माझी लेक पंधरा वर्षांची आहे. वर्षभर पहाटे उठून तिने अभ्यास केलाय. तिच्या समोर, चार अनोळखी माणसांत, तिच्या टक्क्यांचं ऑडिट चाललं होतं आणि मी, जी बँकेत दिवसभर लोकांना 'काउंटरच्या मागे उभे राहा' असं बजावते, ती काहीही बोलले नाही. वडीलधारे आहेत, म्हणून. हे वडीलधारेपण एकदा कुणीतरी लॅमिनेट करून माळ्यावर टाकायला हवं.

"मग काय घेणार आर्ट्समध्ये?" काकांनी थेट तिलाच विचारलं.

"भूगोल," ती म्हणाली. "आणि तर्कशास्त्र."

"भूगोल! अगं बाळ, आता गुगल मॅप आहे."

यावर हसणारी तीन माणसं दुकानात होती. एक जेवणाचं पार्सल पोचवणारा मुलगा, एक आधारकार्डाच्या दहा प्रती काढायला आलेल्या बाई आणि दुकानाचा पोरगा. मी म्हणाले, "काका, झेवियर्सच्या आर्ट्सचा कटऑफसुद्धा नव्वदीच्या वर असतो." काका म्हणाले, "हल्ली जांभळंही महाग झालीत ताई, म्हणून त्यांचे आंबे होतात का?"

हे वाक्य चांगलं आहे, हे मला त्याही अवस्थेत कळलं, आणि त्याचा जास्त राग आला.

मग काका तडजोडीवर आले. "असं करा, बायफोकल घ्या." मला वाटलं यांना खरंच माहिती आहे. अकरावी-बारावीला बायफोकल म्हणजे २०० गुणांचा व्यवसाय विषय, त्यात दुसरी भाषा आणि आणखी एक विषय वगळता येतो, आणि संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांच्या जागांवर उड्या पडतात. त्याच यादीत गोड्या पाण्यातलं मत्स्यसंवर्धन आहे, दुग्धव्यवसाय आहे, स्कूटर-मोटारसायकल दुरुस्तीही आहे. ती यादी मी रात्री जागून वाचली होती आणि खरं सांगायचं तर मासेपालनाशी क्षणभर थांबलेही होते, कारण पापलेटचे भाव. (पापलेट गोड्या पाण्यातलं नव्हे, हे लेकीने दाखवून दिलं. भूगोल.) पण काकांनी नाकावरचा चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "मीही दहा वर्षं बायफोकलच वापरतोय. लांबचं पण दिसतं, जवळचं पण. पोरं रात्रंदिवस मोबाइल बघतात, नंबर वाढतो. शाखा कुठलीही घ्या, डोळे सांभाळा."

म्हणजे इतका वेळ हे कशाबद्दल बोलत होते?

इथे मला माझं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९५ साली मला ८४ टक्के मिळाले. आमच्या घरात शाखेची चर्चा झालीच नाही. मला सायन्सला घातलंय हे मला पाहुण्यांना पेढे देताना कळलं. तेव्हा ऑनलाइन नव्हतं. प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म, वेगळी रांग. बाबा आणि मी माटुंगा ते व्हीटी अशा खेपा घालायचो आणि फळ्यावरच्या यादीत नाव शोधायचो. पुढे प्रॅक्टिकलला झुरळाची चिरफाड करताना मी दोनदा बेसिनपाशी जाऊन आले. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं. मग बँकेची परीक्षा दिली. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मला अजून पाठ आहे, तिचा बँकेत उपयोग पासवर्डला होतो. दर तीन महिन्यांनी एक मूलद्रव्य पुढे सरकते, सध्या झिंकवर आहे. तेव्हा मला काय शिकायचं होतं, असं लेकीने परवा विचारलं. मला उत्तर येईना. कारण मला हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही.

कल ओळखायचे प्रयोगही झालेत आपल्याकडे. बोर्डाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. माझ्या भाच्याचा कल 'गणवेशधारी सेवा' निघाला होता. तो आज पवईला एका कंपनीत गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून दिवसभर एक्सेल बघतो. पट्टा निळा आहे, तेवढाच गणवेश. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर चक्क लिहिलंय की कला आणि विज्ञान यांच्यात पक्क्या भिंती नसाव्यात. त्या धोरणाच्याही प्रती कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानात निघाल्या असतील, आणि तिथेही मागे कुणीतरी 'काय झालं' विचारलं असेल. निकालापासून क्लासवाल्यांचे फोन मात्र अखंड चालू होते. जेईई, नीट, दोन वर्षांचं पॅकेज, आज भरलंत तर सवलत. आर्ट्स म्हटलं की पलीकडे दोन सेकंद शांतता, मग एकदम मऊ आवाजात, "ओके मॅम. टेक केअर." पुन्हा फोन नाही. माझ्या मुलीला तिच्या आवडीचं शिकायचंय, तर तिची किंमत दोन सेकंदांत शून्य! बरं, फोन बंद झाले. वाईटात चांगलं.

तर दुकानात. काकांनी आता मतदान घेतलं. खरोखर घेतलं. "तुम्ही सांगा हो, ९५ गणिताला आणि आर्ट्स?" आधारकार्डवाल्या बाई म्हणाल्या, "लग्न ठरताना काय सांगणार?" पार्सलवाला म्हणाला, "कॉमर्स मधलं आहे ना." पोरगा म्हणाला, "मॅडम, लवकर सांगा, माझं पेज टाइमआउट होतंय." लेक माझ्याकडे बघत होती. मला फक्त 'आर्ट्स' एवढा एक शब्द तिसऱ्यांदा, शांतपणे उच्चारायचा होता.

मी म्हणाले, "तिला यूपीएससी करायचंय."

तिला यूपीएससी करायचं नाही. तिला ढग बघायला आवडतात.

पण दुकानात काय बदल झाला म्हणून सांगू! पंख्याचा वेगसुद्धा वाढला असावा. आधारवाल्या बाई "अगं बाई, कलेक्टर!" म्हणून बाकावर सरकल्या आणि लेकीला जागा दिली. पोरगा मुकाट्याने आर्ट्स टाकून मोकळा झाला. आणि काका? काकांनी गुणपत्रिका दोन्ही हातांत धरली, कपाळाला लावायचीच बाकी होती. "मग आधी नाही का सांगायचं ताई! भूगोल हवाच त्याला. प्रशासन म्हणजे भूगोलच." पाच मिनिटांपूर्वी गुगल मॅपला दिलेला भूगोल त्यांनी परत घेतला. आम्ही मोबाइलवर ओटीपीची वाट बघत होतो, पसंत्या क्रमाने लावत होतो, पहिली रुईया की झेवियर्स यावर मायलेकी कुजबुजत भांडत होतो. तेवढ्यात पलीकडच्या मशिनमधून आधी १९७४ ची अकरावी बाहेर आली आणि तिच्या मागोमाग, गरम गरम, माझ्या मुलीची गुणपत्रिका.

"कलेक्टर मॅडमना आमच्यातर्फे," काका म्हणाले.

मी थँक्यू म्हणाले. लक्षात घ्या, मी थँक्यू म्हणाले.

घरी येताना लेक बोलली नाही. स्टेशनचा पूल गेला, वडापावची गाडी गेली, तरी नाही. सोसायटीच्या गेटपाशी म्हणाली, "मार्क कमी पडले असते तर चाललं असतं का गं? मग तुला खोटं बोलावं लागलं नसतं." मी म्हणाले, पटकन सुटका व्हावी म्हणून म्हटलं गं. "कुणाची?" तिने विचारलं. तर्कशास्त्राचा पहिला तास अजून व्हायचाय, तरी ही परिस्थिती.

घरात तिने गुणपत्रिका ट्यूबलाइटपुढे धरली, तेव्हा डास सापडला. सामाजिक शास्त्रांच्या ९७ मध्ये, नऊ आणि सात यांच्या बरोबर मधे, पाय पोटाशी घेऊन बसलाय. ९.७ वाचलं जातं. प्लॅस्टिक सोलायला गेलो तर कागदही सोबत येतो, हे एका कोपऱ्यावर करून बघितलं. आता कॉलेजच्या खिडकीवर कागदपत्रं तपासताना हे मला समजावून सांगायचंय. त्या वेळी रांगेत माझ्या मागे कोण असेल याची कल्पना करवत नाही.

रविवारी भाजी घ्यायला गेलो तर काका तिथे होतेच, दुधी निवडत. लांबूनच ओरडले, "अभ्यास सुरू झाला का?" आणि भाजीवालीला म्हणाले, "या कलेक्टरच्या आई बरं का." तिने हात जोडले आणि पिशवीत एक कोथिंबिरीची जुडी वरून टाकली. भर पावसाळ्यात, कोथिंबिरीचे भाव कुठल्या कुठे गेलेले असताना. लेक माझ्याकडे बघत होती.

मी कोथिंबीर घेतली. संध्याकाळी चटणी केली. तिने खाल्ली नाही.