सेल्फ घेत नाही म्हणून बॅटरीवर खापर फोडू नका

पावसाळा लागला की जुन्या बाइकवाल्यांसाठी एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्यात सांगितलेलं निदान थोडक्यात असं: सेल्फ कधी घेतो, कधी घेत नाही, म्हणजे बॅटरी संपली. हॉर्न जोरात वाजत असेल तर मात्र बॅटरी ठणठणीत, दोष सेल्फ मोटरचा. चार्जिंग बघायचं तर चालू गाडीत बॅटरीची वायर काढा. इंजिन बंद पडलं नाही तर चार्जिंग बरोबर, पडलं तर आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे चार्जिंगची वीज एसीची डीसी करून आवरणारा डबा) बदला. आणि कायमचा उपाय म्हणजे जास्त अ‍ॅम्पिअरची बॅटरी.

यातला एखादा तुक्का लागतोही, आणि म्हणूनच मेसेज टिकून आहे. पण दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीवर या क्रमाने गेलात तर बॅटरी, मोटर, आरआर युनिट असं सगळं नवं होतं आणि दोष जागेवरच राहतो.

पहिल्याच वाक्यापासून सुरुवात करू. ‘कधी घेतो, कधी घेत नाही’ हीच तर सगळ्यात मोठी खूण आहे. म्हातारी झालेली बॅटरी हळूहळू खचत जाते. सकाळी मेलेली आणि दुपारी काही न करता ताजीतवानी, असं ती सहसा करत नाही. (आतला जोड तुटला असेल तर करते, पण ते क्वचित.) दोष येत-जात असेल तर आधी संशय घ्यायचा तो जोडांचा: बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगचा बोल्ट (बॅटरीची निगेटिव्ह वायर इंजिनला किंवा चासिसला जोडतो तो), फ्यूजचा होल्डर, कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग), चावीचा स्विच. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा. एका बाजूला डॅशबोर्डचे दिवे गेले तर हँडलच्या गळ्याजवळ वायर आतून तुटलेली आहे. वरचं प्लास्टिक मात्र धडधाकट दिसतं. आणि सेल्फचं बटन दाबल्यावर साधी टकही ऐकू येत नसेल तर क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच आणि खुद्द बटन बघा. वॉटर सर्व्हिसिंगच्या प्रेशरने यांच्यात पाणी शिरतं.

हॉर्नच्या कसोटीवर जरा थांबायला हवं, कारण ती पटण्यासारखी वाटते. हॉर्न साधारण २-३ अ‍ॅम्पिअर खातो. सेल्फ मोटर इंजिन फिरवताना ४०-५० किंवा त्याहूनही जास्त ओढते. समजा, अर्थिंगच्या बोल्टखाली गंज आहे आणि त्या जोडाचा रोध जेमतेम ०.०५ ओहम आहे. हॉर्नच्या ३ अ‍ॅम्पिअरला तिथे ०.१५ व्होल्ट जातात, कानाला कळणारही नाही. सेल्फच्या ५० अ‍ॅम्पिअरला तिथेच अडीच व्होल्ट जातात आणि मोटर उठतच नाही. म्हणजे हॉर्न खणखणीत, मोटर चांगली, बॅटरीही चांगली, आणि गाडी बंद.

हे पकडायला काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. आधी रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा: १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.० च्या आसपास म्हणजे जवळजवळ उतरलेली. मग सेल्फ दाबून मोजा. ९.५-१० च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. कोसळत नाही आणि तरी मोटर रडतखडत फिरते? मग मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वायरच्या टोकावर नव्हे, खांबावरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ दाबा. ०.२-०.३ च्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह खांब ते मोटरचा बोल्ट. इथे बटन दाबण्याआधी मीटर १२ दाखवेल, त्याने दचकू नका. रिले (बटन दाबल्यावर मोटरला वीज जोडणारा स्विच) उघडा असतो म्हणून तसं दिसतं. बटन दाबलेलं असतानाचाच आकडा धरायचा आणि तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर रिलेच्या दोन जाड बोल्टांवर वेगळं मोजा. जुन्या रिलेचे आतले पॉइंट जळलेले असतात. एकदाच ‘टक’ होऊन सगळं शांत होतं ते बरेचदा यामुळेच. टकटकटक असा सलग आवाज येत असेल तर व्होल्टेज पडून रिले पुन्हा पुन्हा सुटतो आहे. त्यावरून मोटर गेली असं ठरत नाही.

उपाय बहुतेक वेळा फुकटाचा असतो. निगेटिव्ह आधी काढा, जोड पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वर थोडी पेट्रोलियम जेली.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढायचा सल्ला मात्र सरळ धोकादायक आहे. बॅटरी व्होल्टेजचे चढउतार पोटात घेते. ती काढली की रेस दिल्यावर उसळणारं व्होल्टेज बल्ब, डिजिटल मीटर, सीडीआय (स्पार्कचं इलेक्ट्रॉनिक युनिट) यांच्या अंगावर जातं. आणि एवढी जोखीम घेऊन कळतं काय? बऱ्याच जुन्या कम्युटर गाड्यांत स्पार्कसाठी मॅग्नेटमध्ये वेगळी कॉइल असते. चार्जिंग पूर्ण मेलेलं असलं तरी इंजिन मजेत चालू राहतं. उलट पॉइंटच्या (सीडीआयऐवजी यांत्रिक स्विचने स्पार्क देणाऱ्या) जुन्या बुलेटमध्ये स्पार्क बॅटरीवर, आणि आयडलला चार्जिंग तुटपुंजं, म्हणून सगळं ठीक असतानाही ती बंद पडू शकते. त्या बुलेटच्या हेडलाइटवर निदान चार्जिंग दाखवणारा अ‍ॅमीटर तरी असायचा. आपल्याला तेच काम मल्टिमीटरकडून करून घ्यायचं आहे: वायर न काढता, बॅटरीच्या दोन खांबांवर, आयडलला आणि मग रेस वाढवून. साधारण चार-पाच हजार आरपीएमला १३.५ ते १४.५ हवेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेशन बिघडलंय, बॅटरी उकळेल.

कमी आलं तरी लगेच आरआर युनिट नको. त्याच्या आउटपुटला मोजा. तिथे १४.३ आणि बॅटरीवर १२.९ असेल तर मधला कपलर किंवा फ्यूज खातोय. तपकिरी पडलेलं, वितळलेलं प्लास्टिक बहुधा डोळ्यांनाच दिसतं. तिथेही कमी असेल तर आधी स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) तपासा. तीन पिवळ्या वायरींचा असेल तर कपलर सोडून दोन-दोन वायरींत एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. आणि हे इंजिन चांगलं तापल्यावर करा. वायरीचं इन्सुलेशन गरम झाल्यावरच दगा देतं, गार गाडीत सगळं छान दिसतं. मग इंजिन बंद करून मीटर ओहमवर ठेवा: तिन्हींपैकी एकही वायर बॉडीला लागलेली दाखवायला नको. पण हा नियम सिंगल फेजच्या साध्या गाड्यांना लावू नका: अनेकींत कॉइलचं एक टोक मुळातच अर्थला दिलेलं असतं. चांगले स्टेटर या एका गैरसमजापायी भंगारात जातात.

मोठ्या बॅटरीबद्दल फार लिहायची गरज नाही. वीज तयार करतो स्टेटर. टाकी मोठी केल्याने नळाला जास्त पाणी येत नाही.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे उभ्या गाडीतली गळती. मागाहून लावलेला अलार्म, जीपीएस, थेट बॅटरीवर जोडलेला मोबाइल चार्जर. चावी बंद ठेवून, निगेटिव्ह वायर सोडून तिच्या मध्ये मीटर १० अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर जोडा. घड्याळ नसलेल्या जुन्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. या जोडणीत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल किंवा स्वस्तातला मीटर जळेल.

आणि मेसेज बरोबर ठरतो ती वेळ अशी: जोड साफ, चार्जिंग १४ च्या आसपास, गळती नाही, बॅटरी बाहेर काढून क्षमतेच्या एक दशांश करंटने, म्हणजे ५ एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीला अर्धा अ‍ॅम्पिअर, पूर्ण चार्ज केली, रात्रभर ठेवली आणि सकाळी ती १२.४ च्या खाली. साडेदहाच्या आसपास असेल तर सहापैकी एक सेल गेलाय. तेव्हा खुशाल बदला.