मारिओ खुनी नाही, पुस्तिका पूर्ण वाचा मग बोलू

परवा रविवारी ताई आणि तिचा पोरगा घरी आलेले. पोरगा नऊ वर्षांचा, चौथीत. महिन्यापूर्वी मीच त्याला कोल्हापुरात महाद्वार रोडवरनं तो हातात धरायचा छोटा गेम घेऊन दिलता, टीव्हीला वायर लावून पण खेळता येतो तो, डब्यावर चारशे गेम लिहिलंय पण हा खेळायचा एकच, मारिओ. मला वाटलं आल्या आल्या टीव्हीजवळ पळणार, तर हा दारातल्या पायरीवर गप्प बसून राहिला. म्हटलं काय रे, झालं काय. तर खाली बघूनच म्हणतो, "मामा, मी मारिओ नाही खेळणार आता. मारिओ माणसं मारतोय."

मोबाईलवर कुठलातरी एक मिनिटाचा व्हिडिओ बघितलेला त्यानं. त्यात सांगितलेलं की मारिओ ज्या विटा फोडतो त्या विटा नाहीतच, ती जादूनं वीट करून टाकलेली माणसं आहेत, म्हणजे तुम्ही लहानपणापासून जे टप्प टप्प फोडत आलाय ते सगळे खून होते. मागनं भीतीदायक म्युझिक वगैरे. मोठ्या माणसानं बघितलं तर अरे भारी आहे की म्हणून पुढं पाठवेल, पण नऊ वर्षांच्या पोराच्या पोटात ते जाऊन बसलं. ताई म्हणाली आठ दिवस झाले गेमला हात लावला नाही, आणि रात्री एकदा विचारत होता की मी किती विटा फोडल्या असतील.

माझं डोकंच फिरलं. पोरावर नाही, त्या व्हिडिओवर. म्हणून आज हे इस्कटून लिहितोय, लांबेल, पण वाचा.

आधी जे खरं आहे ते खरं म्हणतो. ही थिअरी कुणी झोपेत रचलेली नाही. सुपर मारिओ ब्रदर्स, म्हणजे हाच गेम, जपानात १९८५ च्या सप्टेंबरमध्ये आला, आणि तो अमेरिकेत गेला तेव्हा त्याच्यासोबत इंग्रजी पुस्तिका होती. त्या पुस्तिकेत सुरवातीलाच गोष्ट दिलीय. मशरूमच्या शांत, गरीब लोकांच्या राज्यावर कूपा नावाच्या कासवांच्या टोळीनं हल्ला केला, काळी जादू केली, आणि तिथल्या लोकांचे दगड केले, विटा केल्या, काहींची तर शेतातली झाडंझुडपं केली. ही जादू उतरवू शकते फक्त राजकन्या, आणि तिलाच पळवून नेलंय. म्हणून मारिओ निघाला. विटा हा शब्द तिथं स्वच्छ छापलाय, मी नाही म्हणत नाही.

पण भावांनो, थिअरीवाले तिथंच पुस्तिका बंद करतात. चार पानं पुढं जायला काय झालं?

पुढं जिथं मशरूम खाऊन मारिओ मोठा कसा होतो, फुलानं आगीचे गोळे कसे टाकतो ते सांगितलंय, तिथं एक वाक्य आहे. त्याचा अर्थ असा, की वीट झालेले किंवा अदृश्य झालेले मशरूमचे लोक तुम्हाला वाटेत भेटले तर ते बक्षीस म्हणून तुमची ताकद वाढवतात. बघा, त्याच पुस्तिकेत, त्याच विटांबद्दल, त्याच लोकांबद्दल. वीट झालेलं माणूस म्हणजे कोण हे तिथंच सांगून टाकलंय. ज्या विटेतनं मशरूम निघतं, फूल निघतं, स्टार निघतो, ती वीट म्हणजे माणूस. मारिओ खालनं येऊन तिला धक्का देतो आणि आतला माणूस त्याला म्हणतो, घे बाबा, एवढंच आहे माझ्याकडं, जा पुढं आणि राजकन्येला सोडव.

आणि अदृश्य झालेले लोक! त्यांचं नाव कुठल्याच व्हिडिओत येत नाही, कारण ते आले की सगळी भीतीची गोष्टच कोसळते. ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीय, पहिल्याच लेव्हलला पहिला खड्डा यायच्या जरा अलीकडं हवेत काहीच दिसत नाही अशा जागी उडी मारली की ठोकळा उमटतो आणि हिरवं मशरूम निघतं, एक जीव वाढतो. हा तो अदृश्य झालेला माणूस. त्याला कुणी मारलं? तो तर स्वतः जीव देतोय तुम्हाला.

आता खेळाकडं या, कारण खरा पुरावा तिथं आहे. ज्या विटेत काही असतं ती विट फुटतच नाही. कितीही मोठा मारिओ असू दे, आग टाकणारा असू दे. एकदा बक्षीस दिलं की तिचा रंग बदलतो, गुळगुळीत तपकिरी ठोकळा होतो, कोपऱ्यांत ठिपके असलेला, आणि मग त्याला हजारवेळा डोकं आपटा, जागचा हलत नाही. नाणी निघणारी वीट पण तशीच, सगळी नाणी देऊन झाली की ती पण पक्का ठोकळा होऊन बसते. म्हणजे पुस्तिकेनं ज्यांना माणूस म्हटलंय त्यांना इजा करायची सोयच त्या गेममध्ये ठेवलेली नाही. तुम्हाला करायची असली तरी करता येत नाही. आणि ज्या फुटतात त्या? त्यांच्यात काही नसतं, पन्नास पॉईंट मिळतात आणि चार तुकडे उडतात. पुस्तिकेच्या हिशोबानंच त्या साध्या विटा. विटभट्टीतल्या. दगड म्हणाल तर ते लेव्हलच्या शेवटच्या झेंड्याच्या आधी पायऱ्यांसारखे रचलेले असतात, तेही कुणाच्या बापाला फुटत नाहीत.

अजून एक सांगतो. लहान मारिओला एकही वीट फोडता येत नाही, वीट नुसती वर उचलल्यासारखी होते आणि परत जागेवर. आणि आख्खा गेम लहान मारिओनं संपवता येतो, पहिल्यापासनं शेवटच्या ८-४ पर्यंत, म्हणजे आठव्या जगातल्या चौथ्या लेव्हलपर्यंत. म्हणजे एकही वीट न फोडता राजकन्या सुटते. खून ही ज्याची गोष्ट आहे असं तुम्ही म्हणताय, तो गेम खुनाशिवाय पूर्ण होतो हे कसं काय? आणि डोक्यानं फोडतो हे पण खोटं बरं का, उडी मारतानाचं चित्र थांबवून बघा, हात वर असतो, मूठ. एवढं साधं ज्यांनी बघितलं नाही त्यांनी मारिओच्या मनात काय चाललंय ते मला सांगू नये.

विटेला खालनं धक्का का, हे पण सांगतो, कारण ह्याचं उत्तर गोष्टीत नाहीच. १९८३ ला मारिओ ब्रदर्स नावाचा आधीचा गेम आलता, सुपर नसलेला. त्यात पाईपातनं कासवं बाहेर यायची, मारिओ आणि त्याचा भाऊ लुईजी खालच्या मजल्यावरनं उडी मारून वरच्या फरशीला धक्का द्यायचे, कासव उलटं पडायचं, मग वर जाऊन त्याला लाथ. म्हणजे खालनं धक्का द्यायची खोड मारिओला दोन वर्षं आधीपासनं होती, तेव्हा ना मशरूमचं राज्य होतं, ना काळी जादू, ना वीट झालेलं कोण. सुपर मारिओ बनवणारे शिगेरू मियामोटो आणि ताकाशी तेझुका हे लोक लेव्हल आलेखाच्या कागदावर हातानं काढायचे. आख्खा गेम ४० केबीचा. आज सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारा फुलांचा शुभ सकाळचा फोटो सुद्धा त्याच्यापेक्षा मोठा असतो. जागा एवढी कमी की वरचा ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय, जाऊन बघा. अशा ठिकाणी वीट फुटते ती एकाच कारणासाठी, आत्ता आत्तापर्यंत जी हलत नव्हती ती मशरूम खाल्ल्यावर फुटली, म्हणजे मी मोठा झालो हे पोराच्या हाताला कळावं म्हणून. माझ्या मते ह्या गेममधली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. आणि तिलाच ह्यांनी खून करून टाकलं, ह्याचा मला राग आहे.

थिअरीवाल्यांचा अजून एक पत्ता असतो. पुस्तिकेत मारिओला गोष्टीचा हिरो म्हटलंय आणि पुढं कंसात 'बहुतेक' असं लिहिलंय. बघा बघा, कंपनीला पण माहिती होतं! अरे पण त्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलंय की मारिओ म्हणजे तुम्ही, आता ह्या लोकांना वाचवायचं तुमच्या हातात आहे. तो 'बहुतेक' आपल्यासाठी आहे. हिरो व्हायचं की खड्ड्यात पडून मरायचं ते खेळणाऱ्यावर आहे म्हणून. आणि प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी, पहिल्या जगापासनं सातव्यापर्यंत, पूल पडतो, राक्षस खाली जातो, आणि आतला मशरूमचा माणूस मारिओला पहिलं काय म्हणतो? थँक यू मारिओ. सातवेळा. ज्यांची माणसं ह्यानं मारली असती ते आभार मानत बसले असते होय?

आम्हाला हे कुणालाच माहिती नव्हतं हे पण खरं. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत एकाच्या घरी टीव्ही गेम आलता, शहाण्णव-सत्त्याण्णवची उन्हाळी सुट्टी असेल, त्याचा मोठा भाऊ तासाला पाच रुपये घ्यायचा आणि आम्ही पाच जण एकेक रुपया काढायचो. पिवळी कॅसेट, चालली नाही की काढून तळाला फुंकर मारायची, परत बसवायची. अडॅप्टर हात लावू देत नसे इतका तापायचा, मग अर्धा तास बंद, तोवर कट्ट्यावर जाऊन बसायचं आणि पाण्याखालच्या लेव्हलला काय करायचं ह्याची चर्चा. त्या गेमबरोबर पुस्तिका कसली, डबा पण नीट नव्हता. त्यामुळं गोष्ट आम्हीच रचायचो, त्या माणसाची बायको पळवलीय, तो गवंडी आहे, म्हणून त्याला विटांची सवय. नंतर कळलं तो प्लंबर आहे. मी ती पुस्तिका पहिल्यांदा वाचली ती पस्तिशी ओलांडल्यावर, मोबाईलवर, कुणीतरी पानं स्कॅन करून टाकलेली. वाचताना ते बक्षीसवालं वाक्य आलं आणि मी थांबलोच. इतकी वर्षं ज्याच्याकडनं मशरूम घेत होतो तो कोणतरी होता. त्याला एक चेहरा होता, घर होतं, आणि तो अडकलेला असून पण मला देत होता. हे त्या खुनाच्या थिअरीपेक्षा कितीतरी मोठं आहे, आणि खरं आहे, छापलेलं आहे.

शिळा झालेल्या अहिल्येची गोष्ट आमच्या आज्जीनं पावसाळ्यात लाईट गेली की कितीदा सांगितली असेल. दगड झालेलं माणूस आत जागं असतं, वाट बघत असतं, योग्य माणूस आला की त्याला कळतं. असल्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ते वाक्य कळायला अवघड नाही. अवघड जातं ते फक्त ज्याला एका मिनिटात घाबरवायचं असतं त्याला.

तर रविवारी मी काय केलं, पोराला शेजारी बसवलं आणि ती पुस्तिका मोबाईलवर उघडून दोन्ही वाक्यं दाखवली, आधीचं पण आणि पुढचं पण. आधीचं लपवलं नाही. त्याला वाचता येतं, पण इंग्रजी जरा जड होतं म्हणून मी मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "मग कुठली माणसं आणि कुठल्या नुसत्या विटा, ते कसं ओळखायचं?" मी म्हटलं चल दाखवतो.

पहिल्या लेव्हलला साधारण मध्ये, नाण्यांच्या विटेच्या पुढं, दोन विटा चिकटून आहेत. दिसायला सेम टू सेम. त्याला रिमोट दिला, घेत नव्हता, म्हटलं धर की, मी हाय. मारिओ मोठा होता. पहिल्या विटेखाली उभा केला, त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, मग उडी मारली. फुटली. चार तुकडे खाली. त्यानं पटकन डोळे मिटलेले. मग दुसरी. उडी मारली तशी ती फुटली नाही, वरनं स्टार निघाला, उड्या मारत पुढं चालला, आणि वीट होती तिथं तपकिरी ठोकळा. "परत मार," मी म्हटलं. मारली. परत मारली. चौथ्यांदा मारली. काहीच होत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा हळूहळू सुटत गेला, ते मी बघत होतो, स्टार तोवर निघून गेला पडद्याबाहेर.

"मामा, म्हणजे ह्यानं दिला स्टार?"

"व्हय. त्यानंच."

त्यानं गेम रीसेट केला, मुद्दाम, आणि लेव्हल परत सुरवातीपासनं काढली. मशरूम मिळेना दोनदा, मेला, परत. तिसऱ्यांदा मोठा होऊन त्या दोन विटांपाशी आला, बरोबर दुसरीलाच धक्का दिला, पहिलीला हात लावला नाही, स्टार पकडला, तो असेपर्यंत शत्रू मारिओला काही करू शकत नाहीत. ते वेगळं म्युझिक सुरू झालं, मारिओ चमकायला लागला, मी ओरडतोय पळ पळ आता पळ, दहाबारा सेकंदच असतात. आणि हा तिथंच थांबलेला. त्या तपकिरी ठोकळ्याखाली उभा राहून खालचं बटण दाबत होता, मारिओ वाकायचा, उभा राहायचा, परत वाकायचा.

म्हटलं काय करालायस रे?

"मुजरा."