तुडतुड्यांचा चहा

मे महिन्यात, भर दुपारी, दर्यापूरच्या कापडाच्या दुकानात जाऊन ‘स्वेटर दाखवा’ म्हणून पाहा. दुकानदार आधी पाणी देतो, मग कूलरसमोरची खुर्ची देतो आणि मग हळूच विचारतो, “भाऊ, घरी कोनाले फोन लावू?” बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, माझ्या डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, खिशात कांदा. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही ही आमच्याकडची विद्या आहे आणि मी ती पाळतो. अशा माणसानं लोकरीचं काही मागितलं तर दुकानदाराला काळजी वाटणारच.

कारण दार्जिलिंग होतं. “भाऊजी, तिथं मे महिन्यात पारा विशीच्या आसपास असते,” एवढं एकच वाक्य नागपूरच्या साळ्यानं फोनवर टाकलं आणि इकडे बायकोनं माळ्यावरून बॅग काढली. मला जायचं आहे का, हे विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

स्वेटर शेवटी गावातूनच जमा झाले. शेजारच्या काकाजींच्या पेटीतून एक निघाला. त्यांच्या लग्नातला, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा. “घालून तं पाहा, मापाचा हाय का,” असं बायको म्हणाली म्हणून मी तो डोक्यातून घातला. गळ्यापाशी तो अडला आणि त्याच क्षणी लाईट गेली. कूलर बंद. दोन्ही हात वर, तोंड लोकरीत, आतून घामाच्या धारा, अशा अवस्थेत मला दारातून सरपंचांचा आवाज आला.

“काऊन बे, हिव भरलं काय तुले? आशाताईले पाठवू?”

मी आतून काहीतरी बोललो. ते बहुतेक कण्हण्यासारखं ऐकू गेलं असावं, कारण अर्ध्या तासात आशाताई खरंच आल्या आणि हिवतापासाठी बोटातलं रक्त घेऊन गेल्या.

आमच्या सामानाबद्दल काय सांगावं? दशम्या, ठेचा, तिळाची चटणी, इथपर्यंत ठीक. पण आईनं अर्धा किलो चहापत्तीही बांधून दिली. दार्जिलिंगला. “तिथली पत्ती आपल्याले जमली नाई तं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बडनेऱ्याहून गीतांजली, हावड्याला उतरून पूल ओलांडून सियालदह, तिथून रात्रीची दार्जिलिंग मेल, सकाळी न्यू जलपायगुडी. पुढे जीप. मागच्या सीटवर चार, मांडीवर बॅग, बॅगेवर कोणाचं तरी लेकरू. आमच्या काळीपिवळीत वाढलेल्या माणसाला या गाडीत परकं वाटायचं काही कारण नव्हतं. परकी होती ती बाहेरची हवा. कर्सियांगच्या पुढे बायकोनं काकाजींचा स्वेटर स्वतःच घातला. तिला तो बसला.

रस्त्याच्या कडेनं, कधी रस्ता ओलांडून, कधी दुकानाच्या पायरीला घासून ती छोटी रेल्वे जाते. दोन फूट रुंदीचे रूळ. १८८१ साली ती दार्जिलिंगपर्यंत पोचली आणि १९९९ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं. खालून वरपर्यंत ८८ किलोमीटरला ती सात तासांहून जास्त घेते. काही जागी चढ एवढा आहे की गाडी थोडी पुढे जाते, मग उलटी मागे येते, मग पुन्हा पुढे, आणि अशा येरझाऱ्यांतून वर सरकते. सातबाऱ्यावरचं एक नाव दुरुस्त करून घेतलेल्या माणसाला हे तंत्र समजावून सांगावं लागत नाही. आम्ही फक्त दार्जिलिंग ते घूम एवढीच फेरी केली. घूमचं स्टेशन ७,४०७ फुटांवर, भारतातलं सगळ्यात उंच. वाटेत बतासियाला गाडी स्वतःभोवती गिरकी घेते आणि मधे गोरखा सैनिकांचं स्मारक लागतं. कोळशाचं इंजिन असल्यानं साळ्याच्या डोळ्यात कण गेला आणि त्यानं ते स्मारक एकाच डोळ्यानं पाहिलं.

मग टायगर हिल. याबद्दल माझं मत गावात अजून कोणाला पटलेलं नाही, तरी सांगतो. पहाटे साडेतीनला उठवतात. कशासाठी? तर सूर्य पाहण्यासाठी. जो सूर्य आमच्या वावरात सकाळी सातपासून मानगुटीवर बसलेला असतो, ज्याला चुकवायला आम्ही दोन हजारांच्या आसपास किलोमीटर आलो, त्याच्या दर्शनाला अंधारात रांग लावून, पैसे भरून, कुडकुडत उभं राहायचं! तो उगवला की पहिली किरणं ८,५८६ मीटरच्या कांचनजंगेवर पडतात आणि बर्फ तांबडं होतं, असं सगळे सांगतात. आम्ही गेलो त्या दिवशी ढग होते. सूर्य नाही, कांचनजंगा नाही, समोर पांढरा पडदा. जमलेले लोक हळहळत होते. मी एकटाच खूश होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं होतं.

तिथं माझं मन खरं रमलं ते पाण्याच्या टँकरपाशी. या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे त्याच्या पाव पडला तरी साल निघतं. तरी उन्हाळ्यात तिथं टँकर, डबे, रांगा. शहराला पाणी मुख्यतः सेंचलच्या इंग्रजांच्या काळातल्या तळ्यांचं, आणि गाव तेव्हापासून वाढतच चाललंय. आंघोळीला बादलीभरच पाणी मिळेल, असं हॉटेलवाला ओशाळून म्हणाला. बायको म्हणाली, “भैया, हमको तो इतनेकीच आदत है.”

आणि आता चहा.

मळा म्हणजे आमच्या डोक्यात सपाट जमीन. इथं उतार असा की आपली बैलजोडी त्यावर उभीसुद्धा राहणार नाही. बाया पाठीवर टोपली घेऊन, टोपलीचा पट्टा कपाळाला लावून, दोन पानं आणि एक कळी खुडत जातात. बायको कडेला उभी राहून बराच वेळ नुसते त्यांचे हात पाहत होती. ती दरवर्षी कापूस वेचते, तिला त्या हातांचा हिशोब कळत होता. चार-साडेचार किलो हिरव्या पाल्याची एक किलो पत्ती होते, हे ऐकल्यावर तिनं फक्त “मायबाई” म्हटलं. कॅम्पबेल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८४१ साली आपल्या बंगल्याच्या आवारात चहा लावून पाहिला, तिथून हे सुरू झालं. चिनी जातीची लहान पानांची झुडपं; कित्येक मळ्यांत शंभरी ओलांडलेली अजून तोडा देताहेत.

कारखान्यातल्या माणसानं सगळं दाखवलं. पाला सुकवणं, वळणं, हवेवर तांबूस होऊ देणं, भाजून वाळवणं. मग कप मांडले. मार्च-एप्रिलचा पहिला तोडा, फिकट, हिरवट. आणि मे-जूनचा दुसरा, तांबूस, त्याला मस्कॅट द्राक्षासारखा वास. या दुसऱ्याचं जगभर नाव आहे. भाव विचारला. त्यानं किलोचा सांगितला. बायको माझ्या कानाला लागली, “क्विंटलचा सांगत असन. नीट इचारा.” नीट विचारलं. किलोचाच होता. आमच्या क्विंटलभर कापसाच्या घरात जात होता.

“हा वास येतो कशानं?” मी विचारलं.

तो अभिमानानं म्हणाला, या दिवसांत एक बारीक हिरवा कीडा येतो, उड्या मारत चालतो, पानाच्या मागून रस शोषतो. झाड त्याच्याशी लढायला म्हणून पानात सुगंधी द्रव्यं तयार करतं. तोच हा वास. त्यानं एक पान तोडून दाखवलं. कडा पिवळसर, पान कोकडलेलं.

मी ते पान उलटं केलं. पाठीमागून काहीतरी तिरपं चालत गेलं आणि उडालं.

तुडतुडा!

ज्याच्यापायी माझ्या बापाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लाल पडली, ज्याच्यापायी मी दर ऑगस्टमध्ये पाठीवर पंप बांधून तोंडाला फडकं लावून वावरात फिरतो, ज्याच्या औषधाची उधारी कृषी केंद्रात दिवाळीपर्यंत चालते, तो! जात थोडी वेगळी असेल, खानदान तेच. आमच्याकडे तो पानावर बसला की भाव पडतो. इथं बसला की वाढतो. फार झाले तर तिथंही तोडा बुडतो, हे त्या माणसानं पुढे सांगितलं खरं, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो.

बायको बराच वेळ त्या झुडपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आपन याच्या मांगं पंप घेऊन मरून रायलो न यायनं त्याले जावई करून ठेवला.”

शंभर ग्रॅमचा पुडा घेतला. त्याच्यावर इंग्रजी अक्षरांची अशी मालगाडी होती : एसएफटीजीएफओपी. दर्जाची खूण म्हणे. आमच्या कापसाला एकच दर्जा माहीत, तो म्हणजे व्यापारी बोंड दाबून ‘ओला हाय’ म्हणतो तो.

खरा ताप परत आल्यावर सुरू झाला.

कृती मी पाठ करून आलो होतो. पाणी उकळलं की जरा निवू द्यायचं, कपाला चिमूटभर पत्ती, तीन मिनिटं झाकण, गाळायचं. दूध नाही, साखर नाही. पण आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी असं की साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यात हा चहा केला तर वर राखाडी साय धरली आणि खाली जे उरलं त्याला द्राक्षाचा नाही, पूर्णेच्या गाळाचा वास येत होता. म्हणून आरोची कॅन मागवली. वीस लिटरच्या कॅनमध्ये दोन कप चहा.

पहिले आले काकाजी, स्वेटर न्यायला. मी स्वतः चहा केला. याचंच त्यांना नवल वाटलं असावं, कारण ते स्वयंपाकघराकडे पाहून “सूनबाई माहेरी गेली काय?” म्हणाले. मग कप उजेडाकडे धरला.

“पत्ती सरली काय रे?”

“नाई काकाजी, असाच अस्ते हा.”

“दूध नासलं?”

“यात दूध टाकतच नाई.”

त्यांनी आवाज खाली आणला. “घरात कोनाची मैत-गीत तं नाई झाली?”

“नाई हो.”

मग ते प्याले. सावकाश, बशीत ओतून, फुंकर मारून. माझं सगळं लक्ष त्यांच्या मिशीकडे. “बेस हाय,” ते म्हणाले. “गरम पानी हाय, पन बेस गरम पानी हाय.”

संध्याकाळी सरपंच आले. त्यांना कप दिला, तर त्यांनी एक घोट घेतला, खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बिनसाखरीचा! कधी निंगाली शुगर तुले?” मी मळा सांगितला, मस्कॅट सांगितलं, मार्च आणि मेचा तोडा सांगितला. ते मान हलवत राहिले. “होते, होते. माह्या साडूलेबी निंगाली. घाबरू नको.” दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी ओट्यावर कारल्यांची पिशवी ठेवून गेलं. त्यानंतर आशाताई शुगरचं मशीन घेऊन आल्या. हिवतापाच्या वेळी टोचलं त्याच्या शेजारचं बोट या वेळी टोचलं. शुगर निघाली नाही. “तरीबी चा कोराच घेत जा,” त्या म्हणाल्या. माझा चहा त्या एकट्यांनी मान्य केला, तोही औषध म्हणून.

पुड्याचा शेवट पेरणीच्या दिवशी झाला. मजुरांचा चहा आईनं चुलीवर मांडला. घरातली पत्ती लवकर सापडली नाही म्हणून फडताळातला हा पुडा घेतला. पातेल्यात दूध, साखर, ठेचलेलं अद्रक, आणि वर दार्जिलिंगचा दुसरा तोडा. उकळ्यावर उकळ्या. मी वावरातून आलो तेव्हा पुडा रिकामा होता आणि आई चिडलेली.

“काय आनलं रे हे? अख्खा पुडा टाकला तरी रंग ये नाई. मंग आपली टाकली दोन चमचे, तवा कुठं चा झाला.”

ती आपली पत्ती म्हणजे तीच, आमच्याबरोबर दार्जिलिंगला जाऊन न उघडता परत आलेली. मजुरीणबायांनी चहा घेतला. एकीनं विचारलं, “काकू, आज चाले अत्तराचा वास काऊन येऊन रायला?” आई म्हणाली, “गिलास नीट धुतले नसन पोट्ट्यानं.”

यानंतर दार्जिलिंगचा विषय आपोआप संपायला हवा होता. पण तुडतुड्यांची गोष्ट मी पारावर सांगून बसलो होतो. चहा कोणाच्या लक्षात राहिला नाही, ती मात्र राहिली. ऑगस्टमध्ये, आठवडाभराच्या झडीनंतर ऊन पडलं, आणि सकाळीच काकाजींचा वावरातून फोन.

“आले.”

“कोन आले?”

“तुडतुडे. पानाले पाच-पाच, सात-सात. पऱ्हाटी कोकडून रायली. समदे फवारून रायले, म्या थांबवला फवारा.”

“काऊन थांबवला? मारा न लवकर!”

“तो दार्जिलिंगवाल्याचा नंबर हाय न तुह्यापाशी?”

“काकाजी, ते चहाचं हाय. कापसाले वास येऊन काय फायदा?”

फोनवर जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग काकाजी म्हणाले, “कापसाचं कोन म्हनते बावा? तू पाल्याचा भाव इचार.”