“रॅम स्वस्त आहे” म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

स्वॅपचा (रॅम अपुरी पडली की तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवण्याची सोय) विचार करून प्रोग्राम कसा लिहावा, या माझ्या लेखावर पुण्याच्या एका वाचकांनी लिहिलंय: “रॅम स्वस्त आहे. स्वॅप बंद करा, १६ जीबी टाका, विषय संपला. खेड्यातल्या जुनाट मशीनचं रडगाणं इंजिनिअरिंग म्हणून खपवू नका.” पुढे एसएसडी डिस्कची झीज आणि झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) यांबद्दलही बरंच आहे.

साहेब, मतभेद चालतील, ‘रडगाणं’ चालणार नाही. लेख लांबला हे मान्य, मधला तक्ता गाळता आला असता. पण रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांच्या हिशेबाचे प्रोग्राम मी वर्षानुवर्षं लिहितोय. गाडी भरून उभी, शेतकरी काटापट्टीसाठी ताटकळलेला आणि ४ जीबीचं मशीन गोठलेलं. त्या माणसाला ‘रॅम घ्या’ हे तोंडावर सांगून दाखवा.

आणि स्वॅप बंद करून होतं काय? प्रोग्रामने मागून घेतलेली, पण पडून असलेली पानं (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) बाहेर काढायची सोय कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, उरत नाही. मग तो फाइलींची पानं काढतो, त्यात चालू प्रोग्रामचा कोडही आला. तो पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचावा लागतो. मशीन अडकायचं ते अडकतंच, शेवटी ओओएम किलर (मेमरी संपली की जागा करणारा कर्नलचा भाग) एखादी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, मारतो.

लेखात मी विचारलं होतं ते वेगळंच: एका कामासाठी प्रोग्राम किती पानांना हात लावतो? पान ४०९६ बाइटचं. १ लाख नोंदी, प्रत्येकी २०० बाइट, आणि ‘पैसे दिले की नाही’ हा एक बाइट प्रत्येक नोंदीच्या पोटात. थकबाकी काढायला सुमारे ४९०० पानं जागी होतात. तेच बाइट वेगळ्या ॲरेत ओळीने ठेवा, २५ पानांत काम होतं. जुने व्यवहार मग खुशाल स्वॅपमध्ये जाऊन पडोत. उलट दर मिनिटाला सगळी यादी चाळणारा थ्रेड लिहिलात, तर १६ जीबीही एक दिवस अपुरी पडेल. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी ‘वर्किंग सेट’ (प्रोग्रामला त्या-त्या वेळी खरोखर लागणारी पानं) १९६८ साली मांडला, तो काही खेड्यातल्या मशीनवरून सुचलेला नाही.

एसएसडी आणि झेडरॅमच्या मुद्द्यांचा या प्रश्नाशी संबंध नाही, त्यात शिरत नाही. तुमच्या सर्व्हरवर ऐन गर्दीच्या वेळी व्हीएमस्टॅट ही कमांड चालवा, ‘एसआय’ (स्वॅपमधून आत) आणि ‘एसओ’ (स्वॅपमध्ये बाहेर) या रकान्यांतले आकडे इथे टाका. मग बोलू.