जास्मोनेट विष नाही: एका फॉरवर्डला उत्तर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: कॅन्सरची वनस्पतिजन्य औषधं आता टाक्यांत वाढवलेल्या पेशींपासून काढतात, त्यांनी जास्त औषध द्यावं म्हणून त्यांना विष पाजतात, म्हणून ते औषध नकली, खरा गुण जंगलातल्या झाडातच. मी पाषाणच्या बाजूला एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये (म्हणजे वनस्पतींच्या पेशी काचेच्या भांड्यांत वाढवतात तिथे) बरीच वर्षं काम केलंय. शेजारच्या काकूंची केमो चालू आहे, त्या हे वाचून हादरल्या, म्हणून लिहितेय.

आधी विषाचं बघू. ज्याला विष म्हटलंय ते मिथाइल जास्मोनेट. चमेलीच्या सुगंधी तेलात सापडलं, त्यावरून नाव पडलं. अळीने पान कुरतडलं की झाड स्वतःच जास्मोनेट तयार करतं. तो इशारा मिळाला की पेशी अळीला नकोशी होणारी संयुगं बनवायला लागतात, आणि आपल्याला औषधासाठी हवी असतात ती बरेचदा हीच. फ्लास्कमध्ये अळी कुठून येणार? म्हणून इशारा आपण देतो. मात्रा साधारण १०० मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला जेमतेम २२ मिलिग्रॅम. कोळंबीच्या टरफलापासून काढलेलं कायटोसानही वापरतात, त्याने पेशींना बुरशी आल्यासारखं वाटतं.

आणि हवं तेवढं ओतून चालतही नाही. इशारा मिळाला की पेशींची वाढ मंदावते, म्हणून आधी त्या भरपूर वाढवायच्या, मग जास्मोनेट. एकदा मी घाई केली. फिकट पिवळं सस्पेन्शन, म्हणजे पेशी तरंगत असलेलं द्रावण, तीन दिवसांत चहासारखं तपकिरी झालं, फ्लास्क हलवत ठेवणारा शेकर थांबवला तर पेशी तळाशी गाळासारख्या बसल्या. अख्खी बॅच ओतून दिली.

‘नकली’चं उत्तर सोपं आहे. पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध यू झाडाच्या सालीतून काढा नाहीतर पेशींतून, रेणू तोच, आणि दोन्हीकडे तो वेगळा काढून शुद्ध करावा लागतो. सालीत त्याचं प्रमाण सुमारे ०.०१ टक्का, आणि साल सोलली की झाड मरतं.

जंगलातूनच आणा म्हणणाऱ्यांनी सह्याद्रीतलं नरक्याचं झाड आठवावं. पान चुरगळलं की दुर्गंध येतो, त्यावरून हे नाव. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं संयुग असतं, टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं त्यापासूनच बनतात. त्यासाठी आपल्याच घाटांत नरक्याची चोरटी तोड झाली.

एक मान्य करते, प्रत्येक वनस्पतीच्या बाबतीत हे जमत नाही. नरक्याच्या पेशी फ्लास्कमध्ये फारच थोडं औषध देतात. सदाफुलीतलं कॅन्सरचं औषध व्हिनब्लास्टिन तयार व्हायला पानातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी लागतात, सुट्या पेशींतून ते जवळजवळ मिळतच नाही. पण तिथे औषध कमी निघतं, खोटं नाही.

काकूंची पुढची केमो गुरुवारी आहे. मी सोबत जाणार आहे.