गप्प बसण्याचे प्रशिक्षण

कोल्हापुरात ज्याचे बालपण गेले, त्याला फुटबॉल वेगळा शिकावा लागत नाही, असा माझा समज होता. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मी पाटाकडील आणि खंडोबा तालमींच्या फुटबॉल संघांचे कितीतरी सामने पाहिले आणि प्रत्येक सामन्यात पंचाला, बचावपटूला व प्रसंगी पुढच्या पायरीवरच्या गृहस्थांना खेळ समजावून सांगितला. चेंडूला माझा स्वतःचा पाय क्वचितच लागला. पण पायऱ्यांवरून बोलायला तेवढे पुरते. त्यामुळे न्यू जर्सीतील आमच्या गावच्या क्लबने, ‘तुमच्या सात वर्षांच्या मुलीच्या संघाला प्रशिक्षक मिळालेला नाही, कोणी पालक पुढे आला नाही तर संघ होणार नाही,’ असे कळवले, तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने होकार दिला. मानधन नाही, हे पत्रात ठळक अक्षरांत होते. बाकीचे सगळे बारीक अक्षरांत होते.

आधी माझी पार्श्वभूमी तपासण्यात आली. मग मुलांच्या लैंगिक व मानसिक सुरक्षिततेविषयीचा सेफस्पोर्टचा ऑनलाइन वर्ग झाला, त्यानंतर डोक्याला मार लागल्याची लक्षणे ओळखण्याचा, आणि शेवटी रटगर्स विद्यापीठाने आखलेला तीन तासांचा सुरक्षितता वर्ग. हा शेवटचा वर्ग केलेल्या स्वयंसेवकाला, उद्या खेळताना कोणाला इजा होऊन दावा दाखल झालाच, तर न्यू जर्सीच्या कायद्याने काही अंशी संरक्षण मिळते. फुकट काम करणाऱ्यावरही दावा होऊ शकतो, हे मला त्या वर्गातच समजले. पत्नी म्हणाली, “आपलं लग्न ठरताना तुमची एवढी चौकशी झाली असती, तर बरं झालं असतं.”

या वयाच्या मुलांचा सामना चार विरुद्ध चार असतो. गोलरक्षक नसतो, ऑफसाइड नसते, आणि चेंडू तीन नंबरचा, म्हणजे साधारण मोठ्या पपनसाएवढा. चेंडू डोक्याने मारायला सक्त मनाई आहे. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ च्या अखेरीस दहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांसाठी हा निर्णय जाहीर केला. प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे, हाही नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो; फक्त मैदानाच्या मधोमध बसून पिवळी रानफुले वेचणाऱ्या एका खेळाडूचा अर्धा सामना कोठून मोजायचा, हे मला अजून उमगलेले नाही. सराव संपल्यावर कोणत्याही मुलाबरोबर प्रशिक्षकाने एकटे थांबायचे नाही, दुसरे एखादे मोठे माणूस नजरेच्या टप्प्यात हवेच. हा नियम शहाणपणाचा आहे, यात वाद नाही. परंतु एखाद्या मुलाचे वडील उशिरा येणार असे दिसले, की घरी निघालेल्या दुसऱ्या एखाद्या पालकाला मला थर्मासमधल्या चहाचे आमिष दाखवून थोपवून धरावे लागते. माझ्या चहाची ख्याती क्लबभर पसरली ती यामुळे.

हे सारे निभले असते. निभेना ते मौन. आचारसंहितेत लिहिले होते, की चेंडू ज्या मुलाच्या पायाशी आहे त्याला काठावरून सूचना देऊ नयेत. काय करायचे ते त्याचे त्याला ठरवू द्यावे. पंचाशी हुज्जत घालू नये. चुकलेल्या मुलाला सर्वांदेखत बोलू नये. खाली सही करताना माझ्या लक्षात आले, की माझे फुटबॉलचे सगळे ज्ञान या तीन नियमांनी रद्दबातल झाले आहे. आमच्याकडे पायऱ्यांवरून ज्या शब्दांत खेळाडूचे कौतुक होते, ते शब्द या कागदावर थेट निलंबनाच्या सदरात पडले असते. उरले “शाबास” आणि “छान प्रयत्न”. आपल्याच गोलात चेंडू मारलेल्या मुलीला प्रसन्न चेहऱ्याने “छान प्रयत्न” म्हणायला जो संयम लागतो, तो मला रंकाळ्याच्या काठी कोणी शिकवला नव्हता.

अशातच क्लबने एक ‘सायलेंट सॅटर्डे’ जाहीर केला. त्या दिवशी प्रशिक्षक आणि पालक, सर्वांनीच तोंड बंद ठेवायचे, टाळ्या मात्र चालतील. आणि ज्यांना तोंड बंद ठेवणे जड जाईल, त्यांच्यासाठी लॉलीपॉप. शनिवार मारुतीचा, एवढेच ठाऊक असलेली माझी आई नेमकी त्याच आठवड्यात कोल्हापूरहून आली होती. तिला मी गाडीत सगळे समजावले. लॉलीपॉप तिने, “गोड खाऊ नको म्हणालेत डॉक्टर,” असे सांगून पर्समध्ये टाकला.

पाच मिनिटे शांतता होती. मग नातीच्या पायाशी चेंडू आला, समोर गोल मोकळा होता आणि नात विचार करत उभी राहिली. तिने स्वतः ठरवावे, हीच तर आचारसंहितेची अपेक्षा होती. “अगं मार की! बघत काय बसलीयास!” हा आवाज पलीकडच्या तीन मैदानांवर पोहोचला, कारण तेथील मुलेही थांबली. पंच तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता. तो लाल होऊन माझ्याकडे आला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, की आपल्या बाजूच्या प्रेक्षकांची जबाबदारी प्रशिक्षकावर असते, सर. मी तोंडातला लॉलीपॉप काढून त्याची क्षमा मागितली. चाळीस वर्षांत पंचाशी माझे हे पहिलेच सभ्य संभाषण.

सामना संपल्यावर आईने विचारले, “कोण जिंकलं?”

“या वयात गोल मोजत नाहीत, आई.”

“सात-चार,” दोन्ही संघांतील मुलींनी एका सुरात सांगितले. आम्ही हरलो होतो.

पुढच्या शनिवारी मौनाचे बंधन नव्हते, तरी गाडीत बसण्यापूर्वी आईने पर्स उघडून तोच लॉलीपॉप माझ्या हातात ठेवला. “तूच चोख,” ती म्हणाली. “मागच्या वेळी मी ओरडले ते सगळ्यांनी ऐकलं. तू दातओठ खात होतास, ते त्या पोरीनं बघितलं.”