हायड्रा ज्यांची आहे त्यांनी हे वाचाच

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमच्या दोन हायड्रा, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या क्रेन, आणि एक जेसीबी भाड्यावर चालतात, बाबांनी उभा केलेला धंदा आहे. काल दांडिया बाजारात एका ओळखीच्या शेठशी बोलणं झालं, तो म्हणाला अरे भाई गाडी एकदा पार्टीच्या, म्हणजे भाड्याने घेणाऱ्याच्या, साइटवर गेली की पार्टीची जबाबदारी. माझं डोकंच फिरलं. म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी वाघोडिया रोडवर एका शेडच्या कामावर आमची १४ टनी हायड्रा उलटली. आदल्या रात्री पाऊस, खाली ताजा भराव, बीम उचलला, बूम (क्रेनचा लांब होणारा हात) बाहेर काढला आणि पुढचं डावं चाक सावकाश मातीत उतरायला लागलं. ऑपरेटर "हट, हट" ओरडेपर्यंत गाडी आडवी, बीमला बांधलेली दोरी धरून हेल्पर उभा होता, त्याचा पाय खाली सापडला. १४ टन म्हणजे बूम आत असताना, लोड अगदी जवळ असताना १४ टन, बूम जितका लांब तेवढी ताकद कमी, आणि ती पण जमीन घट्ट असेल तर. बूम किती लांब असताना किती वजन उचलायचं ते सांगणारा लोड चार्ट केबिनमध्येच चिकटवलेला होता. जमीन कोणीच बघितली नव्हती, ऑपरेटरला "जमीन बघितल्याशिवाय बूम काढू नको" हे सांगायचं काम आमचं होतं, पार्टीचं नाही.

आमच्याकडे पूर्ण पॅकेज पॉलिसी होती, म्हणजे गाडीचं नुकसान आणि बाहेरच्या माणसाचं नुकसान दोन्हीचा विमा. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढले आणि पॉलिसीतलं आयएमटी ४७ कलम दाखवलं. त्यात सरळ लिहिलंय की गाडी टूल म्हणून काम करत असताना, म्हणजे वजन उचलताना वगैरे, उलटली तर गाडीचं नुकसान मिळणार नाही, आणि त्या कामात बाहेरच्या माणसाचं काही झालं तर मोटर व्हेइकल ॲक्टमध्ये जेवढं सक्तीचं आहे तेवढंच. उलटण्याचं कव्हर पाहिजे असेल तर जास्तीचा प्रीमियम भरून घ्यावं लागतं. आता सांगा, हायड्रा उलटणार ती काम करतानाच ना, रस्त्यावर किती वेळ असते ती! रिन्यूअलच्या वेळी आम्ही दरवर्षी एजंटला एकच विचारायचो, अजून किती कमी होईल. त्याने कमी केलं, कशातून कमी केलं ते आम्ही विचारलं नाही.

काही जण साइटवरच्या मशीनला सीपीएम म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी पॉलिसी घेतात, चांगली आहे, पण इंजिन आपोआप बिघडलं तर ती देत नाही आणि थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या माणसाच्या नुकसानीचं कव्हर, त्यात वेगळं मागून घ्यावं लागतं.

आणि आपला माणूस. तेव्हा १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली), आपल्या कामावर लागलं तर भरपाई मालकाने द्यायची, साइट कोणाची का असेना. त्या कायद्यात महिन्याभरात भरली नाही तर १२ टक्के व्याज, वर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकत होता, आणि तो दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो. आमच्या पॉलिसीत ऑपरेटरचं कव्हर होतं, हेल्परचं नव्हतं. बाबांनी आईची एफडी मोडून हॉस्पिटलचं बिल आणि भरपाई दोन्ही भरलं, आणि मला वाटतं त्यांनी बरोबरच केलं, तो मुलगा दाहोदहून आमच्या भरवशावर आला होता.

तो आता आमच्या यार्डात गेटवर गाड्यांची नोंद ठेवतो. पावसाळ्यात पाय दुखतो म्हणून खुर्चीखाली वीट ठेवून त्यावर टेकवतो. हायड्रा बाहेर निघाली की ऑपरेटरला तोच विचारतो, जमीन कशी आहे रे तिथली.